वहिनी, एन ड्राइव्हबद्दल जाहीर आभार

सौ. वहिनी यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र घरी आणून द्यायचं सोडून चारचौघांत लिहितोय, त्याला कारण आहे. आमच्या स्टुडिओतला एन ड्राइव्ह, म्हणजे इंटरनेटवर ठेवलेले फोटो कॉम्प्युटरच्याच डिस्कवर असल्यासारखे दाखवणारी सोय, तालुक्यातल्या फोटोग्राफर मंडळींत चांगलाच गाजलाय. बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, कुणी करून दिलं? तुमच्या घराचं नाव सांगितलं की लगेच म्हणतो, "हां, म्हणजे तुझ्या दोस्तानं." दोस्त माझा लाखात एक आहे, पण घरच्या वायफायचा पासवर्डसुद्धा तो तुम्हाला विचारतो. कंपनीचे सर्व्हर सांभाळायची नोकरी तुमची, ती घरून चालते म्हणून लोकांना दिसत नाही इतकंच. तेव्हा सगळ्यांनी वाचावं: हे काम वहिनींनी केलंय, एकट्यांनी केलंय, आणि पैशांचा विषय काढला तेव्हा चहा पुढे करून टाळलाय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधीची परिस्थिती सांगतो. दोन कॅमेरे, एक व्हिडिओवाला, वर ड्रोन. एका लग्नाचा डेटा दोन-तीनशे जीबी सहज होतो. स्टुडिओच्या कॉम्प्युटरला 512 जीबीची एसएसडी. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत (आमचं गूगल ड्राइव्ह), दोन टीबी जागा विकत घेतलेली, पण तिथला डेटा इथे आणायचं जे अ‍ॅप होतं ते सगळ्याची जुळी प्रत सी ड्राइव्हवर ठेवायचं. म्हणजे क्लाउड घेऊनही जागा नाहीच. ब्राउझरमधून डाउनलोड करावं तर झिप उघडत बसा. पार्टीचा फोन यायचा, "दादा, हळदीतला आजीचा तो एक फोटो पाठवा ना," आणि त्या एका फोटोसाठी अर्धा दिवस.

तुम्ही आलात, आरक्लोन नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलंत, त्याच्या जोडीला विनएफएसपी टाकलंत, आणि 'धिस पीसी'मध्ये सी आणि डीच्या खाली एन उभा राहिला. आत वर्षांचे फोल्डर, त्यात लग्नांचे, त्यात कॅमेऱ्यांचे. डबल क्लिक केलं की फोटो उघडतोय, आणि सी ड्राइव्हवर त्याचं ओझं नाही! आमचा एडिटर पोरगा टाळ्या वाजवायला लागला. तुम्ही मात्र म्हणालात, "भाऊजी, ही डिस्क नाही, डिस्कचं सोंग आहे. सोंग कुठे उघडं पडतं ते बघून घ्या, मग बिनघोर वापरा." माझे खरे आभार आहेत ते पुढच्या दोन तासांबद्दल. ड्राइव्ह उभा करून देणारे बरेच भेटतील. त्याच्या खोड्या शेजारी बसवून समजावणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

तुम्ही सांगितलेलं मी आता दुसऱ्यांना सांगतो. कुठलाही प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करतो, की अमुक फाइलचा इथपासून इथपर्यंतचा भाग दे. एरवी ही मागणी डिस्ककडे जाते. माउंट केलेल्या, म्हणजे असं सोंग घेऊन जोडलेल्या, ड्राइव्हची मागणी आरक्लोनकडे वळवलेली असते, तो तेवढाच तुकडा इंटरनेटवरून आणून हातात देतो. फोटोशॉपला यातलं काही कळत नाही. लिनक्समध्ये ही वळवायची सोय फ्यूज नावानं 2005 साली कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, आली, मिक्लोश सेरेदी या माणसाचं ते काम. विंडोजसाठी तशी सोय बिल झिसिमोपोलस यांनी विनएफएसपीत केली. आणि आरक्लोन लिहायला 2012 साली सुरुवात केली ती निक क्रेग-वुड या इंग्रज प्रोग्रॅमरनं. आज जगभरचे लोक त्यात भर घालतात आणि सत्तरच्या वर क्लाउड त्याला जोडता येतात. ही नावं तुम्ही मुद्दाम सांगितलीत. आभार त्यांचेही मानतो, पण त्यातलं कुणी आमच्या स्टुडिओत येऊन बसलं नव्हतं.

आता ज्या गोष्टीनं आमचं नुकसान टळलं ती. एक्सप्लोररमध्ये एनवर फोटो टाकले की हिरवी पट्टी भराभर पुढे जाते आणि कॉपी झाली म्हणून सांगते. ती कॉपी झालेली असते फक्त आपल्याच मशीनवरच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात. फाइल बंद झाल्यावर पाच सेकंदांनी आरक्लोन ती वर चढवायला घेतो, आणि चढायला लागतो तो वेळ लागतोच. तुम्ही पाटीवर हिशेब मांडलात: 64 जीबीचं कार्ड, अपलोड 20 एमबीपीएस (सेकंदाला 20 मेगाबिट), म्हणजे सात तासांच्या आसपास, तेही लाइन एकसारखी राहिली तर. आमच्याकडे हिरवी पट्टी संपली की कार्ड कॅमेऱ्यात आणि कॅमेऱ्यात गेलं की फॉरमॅट, ही सवय. तुम्ही तिथेच थांबवलंत.

वर एक दिलासाही दिलात. मध्येच वीज गेली तरी न चढलेल्या फाइली कॅशमध्ये राहतात, आणि त्याच सेटिंगनं आरक्लोन पुन्हा चालू केला की चढवणं पुढे सुरू होतं. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कशी असते ते तुम्हाला माहीत आहेच, हे मी स्वतः पडताळलंय. तरी सगळं कार्डच चढवायचं असेल तेव्हा एनच्या नादी न लागता आरक्लोनची कॉपी आज्ञा वापरायची, मग चेक आज्ञेनं इथली आणि तिथली फाइल ताडून बघायची, आणि मगच कार्डाला हात लावायचा. चेक आज्ञा नुसता आकार बघत नाही, फाइलच्या मजकुरावरून काढलेला हॅशही, म्हणजे फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखा आकडाही, जुळवते. हे तुम्ही कागदावर लिहून दिलेलं मी लॅमिनेट करून कार्ड रीडरच्या वर चिकटवलंय. अक्षर तुमचं आहे, त्यामुळे पोरं ऐकतात.

कॅशचंही तसंच. त्याचा मोड 'ऑफ' ठेवला तर बरेच प्रोग्रॅम फाइल सेव्ह करताना अडतात, कारण त्यांना एकाच वेळी वाचायचंही असतं आणि मधल्या जागी लिहायचंही असतं. म्हणून तुम्ही मोड 'फुल' ठेवलात, कॅश डी ड्राइव्हवर नेलात आणि त्याला 100 जीबीची मर्यादा घातलीत. कॅशमधलं वापरलेलं मूळ सेटिंगमध्ये तासाभरानं पुसलं जातं, ती मुदत तुम्ही तीन दिवसांवर नेलीत, अल्बमचं सिलेक्शन तेवढ्यात उरकतं म्हणून. आमचं काम कसं चालतं हे आधी विचारून मग आकडे घातलेत, हे मला फार आवडलं. इतर ठिकाणी आधी आकडे आणि मग आमची फरफट, असा अनुभव आहे.

थंबनेल (फोल्डरमध्ये दिसणारी फोटोंची छोटी चित्रं) बंद करायला लावलेत तेव्हा पोरं नाराज झाली होती. पण दोन हजार फोटोंचा फोल्डर उघडला की विंडोज प्रत्येक फाइलमध्ये डोकावतो, आणि इथे डोकावणं म्हणजे डाउनलोड, हे एकदा पटल्यावर कुणी कुरकुरलं नाही. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या प्रोग्रॅमचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंची नोंदवही, एसएसडीवरच ठेवायचा हेही तसंच. नेटवर्क ड्राइव्हवरचा कॅटलॉग लाइटरूम क्लासिक उघडतच नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ रॉ फाइली एनवर, इथे फक्त स्मार्ट प्रीव्ह्यू, म्हणजे त्यांच्या हलक्या नकला, असं आता चाललंय, झकास चाललंय.

व्हिडिओवाल्याची समजूत काढणं मात्र अवघड गेलं. त्याला एनवरूनच एडिट करायचं होतं. त्याच्या फोरके क्लिपचा बिटरेट 100 एमबीपीएस आणि आमची लाइनही 100चीच. तासाभराच्या शूटिंगचे 45 जीबी, आणि टाइमलाइनवर पुढेमागे उडी मारली की नवा तुकडा मागवायचा. तुम्ही स्पष्ट सांगितलंत, हे जमणार नाही, हलक्या प्रॉक्सी फाइली, म्हणजे क्लिपच्या कमी वजनाच्या नकला, करून इथे ठेवा. येत नसलेलं काम 'करून बघू' म्हणत पुढे ढकलणाऱ्यांच्या जमान्यात 'जमणार नाही' हे ऐकून बरं वाटलं. व्हिडिओवाला अजून फुरंगटलाय, पण प्रॉक्सी करतो.

आणि ती एकाच नावाची भानगड! कॅमेऱ्याचा आकडा 9999 नंतर परत एकपासून सुरू होतो, शिवाय कॅमेरे दोन, म्हणजे डीएससी 0001 या नावाच्या कितीतरी फाइली. गूगल ड्राइव्ह प्रत्येक फाइल तिच्या आतल्या ओळखक्रमांकावरून ओळखतो, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली तिथे नांदू शकतात. विंडोजमध्ये ते चालत नाही, म्हणून एनवर त्यातली एकच दिसते. एका मुंजीचे फोटो मोजणीत कमी भरायला लागले तेव्हा मी घाबरून तुम्हाला रात्री फोन केला. तुम्ही फोनवरूनच आरक्लोनची डीड्यूप ही एकाच नावाच्या फाइली निस्तरायची आज्ञा चालवायला सांगितलीत, रिनेम निवडायला लावलंत, आणि लपलेले सगळे वेगवेगळ्या नावांनी वर आले. मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, त्यामुळे वेळ किती वाईट निवडली होती तेही कळलं.

बारीकसारीक बरंच आहे. ड्राइव्ह अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू केला तर साध्या एक्सप्लोररला दिसत नाही, म्हणून तो आमच्याच लॉगिनला आपोआप सुरू होईल असा लावलात. आरक्लोन गूगलला स्वतःची ओळख देतो त्या सगळ्यांच्या सामायिक क्लायंट आयडीवर गर्दी होते म्हणून आमचा स्वतंत्र काढून दिलात. कॉन्फिग फाइलमध्ये खात्याची किल्ली असते, तिला पासवर्ड घातलात, आणि तो माझ्याकडून लिहून घेऊन तिजोरीत ठेवायला लावलात. एनवरून पुसलेलं इथल्या रिसायकल बिनमध्ये शोधू नका, ते गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये तीस दिवस असतं, हेही बजावलंत.

त्यावरूनच निघालं होतं ना, की एन म्हणजे बॅकअप नव्हे? इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक जागेबाहेर, हा नियम लोकांपर्यंत पोचवला तो पीटर क्रोघ या अमेरिकन फोटोग्राफरनं, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी जरा ताठ बसलो. आमच्याच धंद्यातला माणूस की! तेव्हापासून प्रत्येक लग्नाची एक प्रत हार्ड डिस्कवर बहिणीच्या घरी जाते.

आता एक विनंती. तालुक्यातल्या आणखी काही स्टुडिओवाल्यांना हे शिकायचंय, एखाद्या रविवारी तुम्ही दोन तास द्याल का? हॉल मी बघतो. मानधन आधी ठरेल आणि ते तुमच्याच हातात येईल. या वेळी चहा पुढे केलात तरी विषय बदलणार नाही. दोस्ताला खुर्च्या मांडायला बोलावतो. व्हिडिओवालाही येतो म्हणालाय, त्याचे प्रश्न शेवटी घेऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
स्टुडिओवाला भाऊजी