आधी लेन्सवरचे आकडे वाच, खरेदी नंतर

प्रिय मित्रा,

कॅमेरा घेतलास ते भारीच केलंस, पण आल्या आल्या लगेच 'आता कुठली लेन्स घेऊ' हे काय रे! थांब जरा. सोबत जी १८-५५ आलीय ना, तिच्या तोंडावर १:३.५-५.६ असं काहीतरी असेल बघ. १८-५५ ही फोकल लेंथ, मिमीमध्ये, १८ ला फ्रेममध्ये भरपूर मावतं, ५५ ला समोरचं जवळ येतं. दुसरा आकडा अपर्चरचा, म्हणजे लेन्समधलं भोक जास्तीत जास्त किती उघडतं ते, १८ ला एफ ३.५ पर्यंत आणि ५५ ला फक्त ५.६.

आता आकडा लहान तर भोक मोठं, असं उलटं का? तर तो भागाकार आहे, फोकल लेंथ भागिले भोकाचा व्यास. ५० च्या लेन्सला एफ २ वर भोक २५ मिमीचं, एफ ८ वर जेमतेम ६. हे एकदा डोक्यात बसलं की पाठांतर संपलं. भोक मोठं की उजेड जास्त आणि मागचं ब्लर, लहान केलं की मागचंही शार्प पण उजेड कमी, मग शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तिथेच फोटो हलतात.

५५ वर हातात धरून काढताना शटर १/१०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेव. लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर असेल तर याहून हळू शटरही चालतं, पण तो तुझा हात सांभाळतो, समोर पळणारं पोर नाही, त्याला १/५०० लागतंच. उजेड पुरत नसेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढव, नॉइज, म्हणजे दाणे, येईल, येऊ दे, लोक उगाच घाबरतात, दाणेदार फोटो चालतो, हललेला टाकूनच द्यावा लागतो.

डायल ऑटोवरून काढून 'ए' वर ने, कॅननला 'एव्ही' असतं. अपर्चर तू ठरवायचं, शटर कॅमेरा बघतो. कुणालातरी खिडकीपाशी बसव, ५५ वर झूम कर, फोकस जवळच्या डोळ्यावर, एक फोटो ५.६ वर काढ, एक ११ वर, आणि मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून फक्त मागची भिंत बघ.

मेगापिक्सल, फिल्टर वगैरे सोड. अगदीच राहवत नसेल तर ५० एमएम एफ १.८ घे, ५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो, पण झूम नाही हं, पुढे-मागे तुलाच व्हायचंय आणि छोट्या खोलीत चारजण फ्रेममध्ये मावणार नाहीत. एक जादा बॅटरी मात्र आत्ताच घे.

हललेले फोटो डिलीट करू नकोस, मला ओरिजिनल फाइल पाठव, त्यात शटर किती होतं ते दिसतं, मग बोलू.

तुझाच