१८ इंची वळणावर न चालणाऱ्या मॉडेल रेल्वेच्या लांब वाघिणींबाबत तक्रार

पुणे
दिनांक : ८ जुलै

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : खोक्यावरील चुकीची माहिती दुरुस्त करणे व वाघिणींचे पैसे परत मिळणे.

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्याकडून मॉडेल रेल्वेच्या एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या, दोन ऑटोरॅक वाघिणी (मालडबे) घेतल्या. अमेरिकेत नव्या मोटारी वाहून नेणाऱ्या ८९ फुटी वाघिणींचे हे मॉडेल. माझा मुलगा टेक्सासात असतो. त्याच्याकडे गेलो की फाटकाशी गाडी थांबवून आम्ही दोघे या उंच, बंद वाघिणी मोजायचो. म्हणून त्या घ्यायच्याच होत्या. पण घरचा लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, आठ बाय चार फुटांच्या एका प्लायवर आहे आणि वळणाची त्रिज्या १८ इंच. खोक्यावर ‘१८ इंच त्रिज्येच्या वळणावर चालते’ असे स्पष्ट छापले होते. ते वाचूनच १३,४०० रुपये भरले.

पहिल्याच फेरीत वाघीण वळणावर घसरली. दुसऱ्या फेरीत तिचे पोट, म्हणजे मधला भाग, बोगद्याच्या तोंडाला घासले आणि रंग गेला. आपल्या विभागाला फोन केला, तर ‘तुमचा रूळ नीट बसलेला नसेल’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला फार लागले. रूळ मी स्वतः बसवला आहे, आणि त्यावर ४० फुटी वाघिणींची गाडी तासन्‌तास चालते.

तरी दोष माझा असू शकतो असे धरून मी तपासणी केली. सगळे सांधे, रुळांमधले अंतर, चाकजोड्या पाहिल्या. वाघिणीचे वजनही केले. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे या लांबीला साधारण २०० ग्रॅम हवेत, आणि ते भरले. वजनात खोट नाही. मग एकटी वाघीण इंजिनाला न जोडता हाताने सावकाश ढकलली, ती गेली. दोन्ही ऑटोरॅक एकमेकींना जोडून ढकलल्या, त्याही बहुतेक वेळा गेल्या. मध्ये ४० फुटी वाघीण जोडली की मात्र दर वेळी घसरण.

कारण मोजपट्टीने सापडते. वाघिणीची लांबी ३११ मिलिमीटर, दोन बोगींच्या (वाघिणीखालच्या वळणाऱ्या चाकगाड्यांच्या) मध्यांतले अंतर २३१. १८ इंची वळणावर तिचे पोट रुळाच्या मध्यरेषेपासून जवळजवळ १५ मिलिमीटर आत येते आणि टोक १२ मिलिमीटर बाहेर जाते. ४० फुटी वाघिणीचे टोक जेमतेम अडीच मिलिमीटर बाहेर जाते. दोघींचे कपलर, म्हणजे जोडणारे आकडे, एकमेकांपासून ९ मिलिमीटर सरकलेले असतात. आपल्या वाघिणीचा कपलर सांगाड्याला पक्का बसवलेला आहे, त्याला वळायला तेवढी जागाच नाही. मग तो शेजारच्या छोट्या वाघिणीला बाहेर ओढतो, तिच्या चाकाची कड रुळावर चढते आणि ती आडवी होते. कपलर बोगीवर बसवला असता, तर तो बोगीबरोबर वळला असता. दोन सारख्या वाघिणी निभावून जातात, कारण दोघींची टोके सारखीच बाहेर येतात. आपण बहुधा तेवढेच तपासले असावे. पण मालगाडीत छोट्यामोठ्या वाघिणी एकत्रच असतात.

लेआउट रचणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा : त्रिज्या वाघिणीच्या लांबीच्या दुप्पट असली तर काही मॉडेल चालतात, अडीचपट असली तर बहुतेक. इथे दीडपटही नाही. दुप्पट धरली, तर वर्तुळाचा व्यास ४९ इंच होतो आणि माझा प्लाय ४८ इंच रुंद आहे. खरे छापले असते, तर दुकानातच मी खोके खाली ठेवले असते.

घरातल्या वळणांत तडजोड असते हे मला मान्य आहे. आपल्या ब्रॉडगेजवर वळणाची किमान त्रिज्या १७५ मीटर असते. ती या मापात दोन मीटर होते, कुणाच्या खोलीत मावणार? नेरळ–माथेरानच्या गाडीचे डबे इतके छोटे का, हे त्या घाटात बसलेल्याला सांगावे लागत नाही. वळण लहान तर डबा लहान. म्हणूनच खोक्यावरच्या त्या एका ओळीवर ग्राहक विसंबतो. नवशिक्याने ती वाचून पैसे घालवले, तर तो स्वतःच्या हातांना दोष देईल आणि छंदच सोडून देईल. मला याची खरी काळजी वाटते.

माझ्या मागण्या : दोन्ही वाघिणींचे पूर्ण पैसे परत द्यावेत, किंवा बोगीवर कपलर असलेल्या वाघिणी बदलून द्याव्यात. उरलेल्या खोक्यांवर मिश्र गाडीत चालणारी खरी किमान त्रिज्या छापावी. फोनवर मला दिलेले उत्तर लेखी मागे घ्यावे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही येते, आणि मालाचे खोटे वर्णन ही दिशाभूल ठरते. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. वाघिणी, मूळ खोकी, पावती आणि तिन्ही चाचण्यांचे व्हिडिओ माझ्याकडे आहेत. आपला तंत्रज्ञ घरी येऊन वळण मोजणार असेल, तर रविवारी सकाळी यावे.

आपला,
एक ग्राहक