वाऱ्याच्या दिवशी डॉल्फिन दाखवणाऱ्या तांडेलकाकांना

तांडेलकाका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी होडीतून उतरताना आभार मानले होते, पण घाईत काहीच नीट बोलता आलं नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. हिवाळ्यात गेटवेवरून शिडाच्या होडीने जाणाऱ्यांच्याही उपयोगी पडेल.

सकाळची मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, पडली, दुपारी वायव्येचा वारा भरला आणि प्राँग्जच्या दीपगृहाबाहेर समुद्र फेसाळला. लाटा आखूड आणि उभ्या. आता डॉल्फिन कसले दिसतायत, असं मनात आलं. तुम्ही मात्र आधी शीड थोडं आवरलंत, होडीचं कलणं कमी केलंत आणि मला वाऱ्याच्या बाजूला बसवलंत, कारण दुसरीकडचं बरंच पाणी शिडाआड जातं. मग म्हणालात, "दुर्बीण ठेव खाली. फेसाकडं बघू नको, तो जागीच विरतो. काळं काही वर आलं आणि परत थोडं पुढं वर आलं, तर ते जनावर."

आणि दिसले! आधी लांब चोच, मग बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, त्यावर छोटासा पर. हंपबॅक डॉल्फिन. हे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतात, म्हणजे जाळी, ट्रॉलर आणि बंदराची वर्दळ जिथे आहे तिथेच. आज ही जात जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानली जाते. डॉल्फिनच्याच नात्यातल्या फिनलेस पॉरपॉइजबद्दल मी विचारलं, तर त्याच्या पाठीला परच नसतो, तो शांत पाण्यातच शोधायचा, हेही तुम्ही समजावलंत.

पण सगळ्यात मोठे आभार वेगळ्याच गोष्टीसाठी. होडीतल्या काहींनी "जवळ घ्या, जवळ घ्या" असा धोशा लावला होता. कळपात पिल्लू होतं. तुम्ही होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, त्यांच्याकडे वळवलीच नाहीत. त्यांच्या वाटेला समांतर, एका संथ वेगाने होडी नेत राहिलात. "वाट अडवली की ते बुडी मारतात. यायचं तर त्यांनी यावं," एवढंच बोललात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिनला संरक्षण आहेच, पण भर समुद्रात ते पाळायला तुमच्यासारखा तांडेल सुकाणूवर लागतो. डॉल्फिन जवळ आले नाहीत, आपल्या वाटेने खांदेरी बेटाकडे गेले. मला तेच फार आवडलं.

पुढच्या हिवाळ्यात आईला घेऊन येणार आहे. तिला पाण्याची भीती वाटते, तेव्हा तिला तुमच्याजवळ, सुकाणूपाशी बसवा.

तुमची,
गिरगावची भाची