जीव वाचवायचा तो रंग बघून?

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पांढऱ्या हरणाच्या शिकारीला बंदी आहे. त्याचं तपकिरी भावंड मात्र हंगामात खुशाल मारता येतं. सकाळच्या विरार लोकलमध्ये आमच्या ग्रुपला हा कायदा फार दयाळू वाटला. मला नाही पटला.

१९५१ साली रीवाच्या महाराजांच्या शिकारीत वाघीण आणि तिचे पिवळे बछडे मारले गेले. मोहन नावाचा पांढरा बछडा तेवढा वाचला. वाचला म्हणजे काय, तर गोविंदगडच्या राजवाड्यात आयुष्यभर कोंडला गेला. पांढरी पिल्लं हवीत म्हणून त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी, लावली. त्यापेक्षा गोळी बरी, असंही मनात येऊन जातं.

बोरिवलीच्या उद्यानात पांढरा वाघ होता तेव्हा नातवाला दाखवला होता. निळसर डोळे, गुलाबी नाक, जाळीला मोबाइल चिकटवून उभी माणसं. पिवळ्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. मुळात पांढऱ्या वाघाचं जनुक पिवळ्या आईबापांच्या अंगातही दडलेलं असतं. मग पिवळा मारून पांढरा कसा राखणार? आपला १९७२चा वन्यजीव कायदा निदान वाघाचा रंग तरी विचारत नाही.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, दहिसर