लाटव्हियन गॅम्बिट खेळणाऱ्या लेकीस

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. काळ्याने प्यादं पणाला लावायची ती बुद्धिबळातली सुरुवात, लाटव्हियन गॅम्बिट, सोडून दे असं कोच म्हणतात आणि तुला ते सोडवत नाही. "आई, आता तूच सांग," असं लिहिलंयस. फोनवर चार वाक्यांत उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सवडीने लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते: थीम स्पर्धांमध्ये, म्हणजे जिथे सगळ्यांनी एकाच ठरलेल्या सुरुवातीने (ओपनिंगने) डाव खेळायचा तिथे, ते खुशाल खेळत राहा. कोच काही चुकीचं बोलत नाहीत हेही तितकंच खरं. दोघांची राजापुढची प्यादी ई४ आणि ई५ला, पांढऱ्याचा घोडा एफ३ला आणि दुसऱ्याच चालीला काळ्याचं प्यादं एफ५ला, म्हणजे काळ्याने आपल्याच राजाची बाजू उघडी टाकायची, ई८ ते एच५ हा तिरका रस्ता समोरच्याला मोकळा करून द्यायचा आणि वर ई५चं प्यादंही राखायचं नाही. चाली तपासणारं कुठलंही संगणकी इंजिन लाव, पांढऱ्याची सरशी एका प्याद्याहून जास्तच दाखवतं. समोरासमोरच्या रेटिंगच्या स्पर्धेत तू हे खेळू नयेस असं त्यांना वाटतं, आणि तिथे मी त्यांच्याच बाजूची आहे.

असल्या आडवाटेच्या ओपनिंगची बाजू घेणारे एकच कारण देतात: समोरचा गांगरतो. त्यात तथ्य आहे. १९८० साली स्वीडनमध्ये स्काराला युरोपियन सांघिक स्पर्धेत इंग्लंडच्या टोनी माइल्सने जगज्जेत्या कारपोव्हच्या ई४ला ए६ असं उत्तर दिलं, पुढच्याच चालीला बी५ खेळला आणि डाव जिंकला. तुझ्या लाटव्हियनलाही असा इतिहास आहे. १९५५च्या अमेरिकेच्या ज्युनियर स्पर्धेत बारा वर्षांचा बॉबी फिशर पांढरी मोहरी घेऊन व्हिक्टर्स पुपोल्सविरुद्ध याच ओपनिंगमध्ये हरला.

पण थीम स्पर्धेत काय होतं बघ. स्पर्धेच्या नावातच लाटव्हियन असतं, पहिल्या दोन चाली पटावर आधीच मांडलेल्या असतात आणि येणारा प्रत्येक जण ते ठाऊक असूनच येतो. गांगरवण्याचा जो गुण या ओपनिंगच्या खात्यावर जमा आहे, तो इथे दारातच काढून घेतात. मग उरते फक्त पोझिशन, आणि ती तुला कितपत कळलीय एवढाच प्रश्न. मला या स्पर्धांचं मोल वाटतं ते यासाठीच. दुसरीकडे कुठे एकाच पोझिशनवर एका संध्याकाळी इतक्या वेगवेगळ्या डोक्यांशी झुंजायला मिळणार?

ही कल्पना इंटरनेटची नाही बरं का. १९०३ साली व्हिएन्नाला एक मोठी स्पर्धा झाली, तिथे प्रत्येक डाव किंग्ज गॅम्बिटनेच, म्हणजे पांढऱ्याने दुसऱ्या चालीला एफ प्यादं पणाला लावूनच, सुरू करायची सक्ती होती. पहिला आला रशियाचा चिगोरिन. त्याच काळात आयझॅक राइस नावाच्या धनाढ्य गृहस्थांना किंग्ज गॅम्बिटच्या एका फाट्याने झपाटलं होतं. त्यात पांढरा आठव्या चालीला कॅसलिंग करतो, म्हणजे राजा हत्तीच्या आडोशाला नेतो, आणि ई५वरचा घोडा चक्क मारायला सोडून देतो. राइस यांनी त्यावर पाण्यासारखा पैसा ओतला, स्पर्धा भरवल्या. १९०३मध्येच ब्रायटनला जगज्जेता लास्कर सहाच्या सहा डावांत पांढरी मोहरी घेऊन हा गॅम्बिट खेळला आणि साडेतीन-अडीच अशा फरकाने चिगोरिनकडून हरला. १९१५ साली राइस वारले आणि गॅम्बिटही मागे पडला. पण घोडा सोडून दिल्यावर पटावर नेमकं काय मिळतं, हे त्या डावांनी कसून तपासलं. तुझ्या स्पर्धांकडेही मी तशाच नजरेने पाहते.

आता तुझ्या डावांकडे येते. तू पाठवलेले सगळे मी पटावर मांडून पाहिले. जिंकलेल्यांपैकी बहुतेकांत समोरच्याने तिसऱ्या चालीला उंट सी४ला आणलाय. तिथे तू मनापासून खेळतेस: ई४वर मारायचं, घोडा ई५ला आला की वजीर जी५, मग जी२चं प्यादं मारायचं, आणि पुढे पांढऱ्याच्या वजिराचा एच५वरून शह, उंटाचा एफ७वरून शह, तुझा राजा डी८ला, पांढऱ्याचा उंट जी६वर, तुझा वजीर एच१चा हत्ती खाऊन शह देतो आणि पांढरा राजा ई२ला उभा राहतो. दोन्ही राजे मधोमध, कुणीही कधीही मरेल. ही लाइन तुला तोंडपाठ आहे, आणि समोरच्याला नसली की तू जिंकतेस. छान आहे ते. पण त्यात तुझा कस लागत नाही.

हरलेल्या डावांत मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पांढऱ्याने तिसऱ्या चालीला घोड्याने ई५ मारलं, तू वजीर एफ६ला आणलास आणि त्याने तो घोडा मुकाट्याने सी४ला मागे घेतला. ही लेओनहार्ट नावाच्या जुन्या खेळाडूची पद्धत. डी प्यादं त्याने मुद्दाम मागे ठेवलंय, म्हणजे तू ई४वर मारलंस की पुढे डी३ खेळून तुझं ते पुढे आलेलं प्यादं एका घावात फोडता येतं. मग घोडा सी३, तुझा वजीर एफ७. दुसरा घोडा ई३, तू सी६. डी३, तू मारतेस, तो उंटाने परत मारतो. तू डी५, तो कॅसलिंग.

इथे थांब आणि पट नीट बघ. दोघांची सहा-सहा प्यादी आहेत, मोहरी सारखीच आहेत. मग तक्रार कसली? तुझं काय काय बाहेर आलंय ते मोज. एकटा वजीर, आणि त्यानेही दोन चाली खाल्ल्या. पांढऱ्याचे दोन्ही घोडे आणि एक उंट बाहेर आहेत, राजा सुरक्षित आहे आणि ई फाइल, म्हणजे ई घरांची उभी रांग, तुझ्या राजाच्या दिशेने उघडी आहे. अशा वेळी डी५वर घोडा झोकून देऊन तुझा मध्य फोडायचा मोह पांढऱ्याला होतो, आणि तो बरेचदा बरोबर ठरतो. तू या डावांखाली "नशीब" असं लिहिलंयस. बाळा, यात नशीब कुठेच नाही. डी५ला आधार किती, राजा कुठल्या बाजूला न्यायचा, एफ फाइलवर हत्ती कधी येणार, हे प्रश्न तू नवव्या चालीला विचारतेस. ते पाचव्या चालीला, वजीर कुठे ठेवायचा हे ठरवतानाच विचारायचे असतात. एफ७ की जी६? दोन्हींचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे, आणि तू एफ७ खेळतेस ते केवळ सवयीने.

यावर माझा उपाय तुला आवडणार नाही. पांढरी मोहरी आली की तू चिडतेस, "माझं ओपनिंग मलाच मोडायला लावतात," म्हणतेस. पण या स्पर्धांची खरी कमाई तीच आहे. पांढऱ्याने खेळताना उंट सी४ला आणून धमाल करू नकोस. घोडा सी४ खेळ, रटाळ वाटलं तरी खेळ, आणि काळ्याकडून तुला सगळ्यात जास्त त्रास कुठल्या चालीने होतो ते वहीत टिपून ठेव. तीच चाल पुढे तुझी होईल.

आणि ते बर्सर्क, म्हणजे आपलं अर्धं घड्याळ आपणहून देऊन टाकणं, बंद कर. म्हणजे पूर्ण नको, फक्त काळी मोहरी असताना. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवरच्या अरीना स्पर्धांत सलग दोन डाव जिंकले की पुढचे गुण दुप्पट होतात आणि अर्धं घड्याळ देऊन टाकलं तर जिंकल्यावर एक गुण जादा मिळतो, हे मला माहीत आहे. त्या आगीच्या चिन्हाची चटक लागते हेही कळतं. पण आधीच बिकट असलेल्या पोझिशनमध्ये तू नेमका तोच वेळ टाकून देतेस, जो पाचव्या ते नवव्या चालीवर घालवायला हवा. गुणतक्त्यात चार जागा खाली आलीस तरी बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र मी कडकपणे सांगणार आहे. लिचेस किंवा चेस डॉट कॉमवर दिवसाला एक-दोन चालींचे जे लांब डाव असतात, त्यांत ओपनिंगचं पुस्तक उघडायला परवानगी आहे, इंजिन लावायला नाही. आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ महासंघाच्या स्पर्धांत इंजिन चालतं, पण तो खेळच निराळा. "समोरचा लावत असेल" ही शंका मनात आली तर तक्रार कर आणि आपला डाव आपल्या डोक्याने खेळ. इंजिन डाव संपल्यावर उघडायचं, तेही आधी स्वतः टिपणं करून झाल्यावर. नाहीतर ते आकडा दाखवतं, तू मान डोलावतेस आणि डोक्यात काहीच राहत नाही.

कोचना माझ्यातर्फे सांग की रेटिंगच्या स्पर्धेत तू ई५ला घोडा सी६ने नीट आधार देशील. थीम स्पर्धांचं त्यांना तू स्वतः समजावून सांग, हे पत्र दाखवू नकोस. तुझ्या शब्दांत सांगता आलं तर ते ऐकतील.

रविवारी संध्याकाळी ऑनलाइन ये. पांढरी मी घेणार आणि चौथ्या चालीला घोडा सी४च खेळणार, आत्ताच सांगून ठेवते. पाचव्या चालीला वजीर कुठे ठेवायचा ते ठरवून ये, आणि का ते डाव सुरू होण्याआधी मला सांग.

तुझी,
आई