तिकिटं काढली आहेत

ती. आई-बाबा,
सा. न.

फेब्रुवारीतली अंदमानची तिकिटं काढली आहेत. तिघांची. आधी विचारलं असतं तर शकूमावशीच्या वेळेसारखं तुम्ही नकोच म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. रागावू नका. पैशांचं मनावर घेऊ नका, बोनसमध्ये भागलंय.

बाबांना सेल्युलर जेल बघायचंच आहे. पण मला तुम्हाला वंडूरच्या सागरी उद्यानात न्यायचंय. १९८३ पासून ते राखीव आहे. तिथून बोटीनं जॉली बॉय बेटावर जायचं. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका. २०१० मध्ये समुद्र तापला तेव्हा अंदमानची कितीतरी पोवळी पांढरी पडली. पोवळं जिवंत असतं, त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. रंग त्याचाच आणि बरंचसं अन्नही तेच पुरवतं. पाणी फार तापलं की शेवाळ बाहेर टाकलं जातं, आणि समुद्र लवकर निवला नाही तर पोवळं उपासानं मरतं. पुन्हा तसं व्हायच्या आत तुम्ही ते बघावं, एवढंच माझ्या मनात आहे.

बाबा, गुडघ्याची काळजी नको. मोठी बोट अलीकडेच थांबते, तिथून काचेच्या तळाच्या होडीत उतरायचं. तेवढ्यापुरता हात धरायला मी आहे. बसल्या जागी खाली पोवळी, मासे सगळं दिसतं. पॅरटफिश पोवळं कुरतडतो आणि त्याच्या पोटातून बारीक वाळू बाहेर पडते; तिथली पांढरी पुळण बरीचशी अशीच झालेली. मी मात्र पाण्यात उतरणार. पाठीला डबा बांधून विहिरीत तुम्हीच सोडलं होतंत ना मला? काठावरून ‘मी आहे, मार हात’ म्हणत होतात, ते अजून ऐकू येतं.

आई, हर्णैला तू ओचा भरून शिंपले आणायचीस आणि मी ते उशाशी घेऊन झोपायचे. इथे मात्र शिंपला नाही की पोवळ्याचा तुकडा नाही, काही उचलायचं नाही. पोवळ्याला तर कायद्याचं संरक्षण आहे. चिवडा स्टीलच्या डब्यात भर, प्लास्टिकच्या पिशव्या तिथे चालत नाहीत. बेटावर दुकान नाही, म्हणून दशम्याही घे. हॉटेलात गरम पाणी आणि खालच्या मजल्यावरची खोली सांगून ठेवली आहे. तुझा सकाळचा चहाही सहाला मिळेल.

बाबांनी या आठवड्यात बीपी दाखवून यायचं. गोळ्या महिनाभराच्या घ्या, आणि बोट लागू नये म्हणून आईसाठी काय द्यायचं तेही डॉक्टरांना विचारा. दोघांच्या आधार कार्डांचे फोटो मला आजच पाठवा.

तुमची,
मनू