‘लूप’वरचा राग चुकीच्या पत्त्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानी भयकादंबरीकार कोजी सुझुकी यांच्या ‘रिंग’, ‘स्पायरल’ आणि ‘लूप’ या तीन कादंबऱ्यांपैकी शेवटच्या ‘लूप’वर रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आणि त्याखाली छापलेल्या वाचकांच्या प्रतिक्रिया काल वाचल्या. या तिसऱ्या कादंबरीने घात केला, भुताच्या गोष्टीचा शेवट संगणकात नेऊन बसवला, असा बहुतेकांचा सूर आहे. कादंबरी न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र ज्या अपेक्षांवरून हा निकाल दिला गेला त्या अपेक्षा सुझुकींच्या कादंबऱ्यांनी कधी निर्माणच केल्या नव्हत्या, हे कोणीतरी लिहायला हवे.

आपल्या लेखकाने पहिल्या कादंबरीतील पत्रकार असाकावा यांना ‘लहान मुलाची आई’ म्हटले आहे. १९९१ साली आलेल्या ‘रिंग’मधला असाकावा पुरुष आहे, त्याला बायको आहे आणि तान्ही मुलगी आहे. मुलाची आई असलेली पत्रकार ही हिदेओ नाकाता यांच्या १९९८ च्या चित्रपटातली. दूरदर्शन संचाच्या पडद्यातून केस पुढे सोडून बाहेर सरपटत येणारी सादाको (विहिरीत टाकून मारलेल्या तरुणीचे भूत) हीही त्याच चित्रपटातली आहे, कादंबरीत तो प्रसंग नाही. लेखाशेजारी छायाचित्रही तेच छापले आहे, आणि ते चित्रपटातले असल्याचा उल्लेख कुठेही नाही. ‘सादाको कुठे गेली?’ असे विचारणाऱ्या वाचकांच्या मनात नेमकी हीच सादाको आहे. यात त्यांचा सगळा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण ‘रिंग’ इंग्रजीत २००३ मध्ये आली, तेव्हा जपानी चित्रपट जगभर पोहोचला होता आणि त्याची अमेरिकी आवृत्तीही येऊन गेली होती. जपानी न येणाऱ्या आपल्यासारख्यांनी आधी पडदा पाहिला आणि मग पान उघडले. पण जो वाचक स्वतः फसतो आणि जो समीक्षक त्या फसगतीवर शिक्का मारतो, त्यांच्यात फरक करायला हवा.

मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले, त्यामुळे असेल, पण मला या तिन्ही पुस्तकांत पहिल्यापासून एकच गोष्ट दिसत आली आहे, ती म्हणजे विषाणू. विहिरीत टाकली जाण्यापूर्वी सादाकोवर अत्याचार करणारा डॉक्टर हा जपानमधला देवीचा शेवटचा रुग्ण असतो, हे ‘रिंग’मध्ये स्पष्ट लिहिले आहे. तिच्या सूडाशी त्या विषाणूची वाढण्याची ओढ जोडली जाते आणि त्यातून ती चित्रफीत तयार होते, जी पाहणारा तिची प्रत दुसऱ्याला दाखवली नाही तर सात दिवसांत मरतो. विषाणू स्वतःच्या बळावर स्वतःची प्रत काढू शकत नाही, त्याला जिवंत पेशीचा आधार लागतो. चित्रफितीलाही प्रत काढून ती दुसऱ्याला दाखवणारा माणूस लागतो. ‘स्पायरल’ची सुरुवातच शवविच्छेदनाच्या टेबलावर होते, आणि तिथे असाकावाने लिहून ठेवलेला अहवाल हाच संसर्गाचे नवे साधन बनतो. ‘लूप’मध्ये पहिल्या दोन पुस्तकांचे जग संगणकात घडवलेले निघते आणि तोच विषाणू त्या जगातून बाहेरच्या जगात येतो, माणसांना आणि झाडांनाही कर्करोगाने पोखरू लागतो. फीत, मग कागद, मग शरीर. याला मध्येच विषय बदलणे म्हणायचे असेल, तर विषय कोणता होता हे आधी ठरवावे लागेल.

आधीचे मोडून पुढे जाण्याची सुझुकींची रीतही ‘लूप’मध्ये नव्याने आलेली नाही. बायको आणि मुलगी वाचावीत म्हणून असाकावा चित्रफितीची प्रत घेऊन गाडी पळवतो, तिथे ‘रिंग’ संपते. ‘स्पायरल’मध्ये समजते की त्या दोघी वाचल्याच नाहीत. पहिल्या पुस्तकाचा सगळा दिलासा दुसऱ्याने असा काढून घेतला, तेव्हा या मंडळींनी तक्रार केली नाही. गुरुत्वाकर्षण आणि दीर्घायुष्य यांविषयीचे ‘लूप’मधले संवाद लांबले आहेत, हे मला मान्य आहे. मात्र आजारी वडिलांसाठी वाळवंट तुडवत गेलेला ‘लूप’चा नायक काओरू, आपण मुळात कोण आहोत हे कळल्यावर स्वतःचे शरीर सोडायला तयार होतो, त्या पानांवर मला जे भय वाटले ते विहिरीजवळही वाटले नव्हते. नारायण धारपांच्या भयकथा आणि विज्ञानकथा एकाच कपाटात ठेवून वाढलेल्या मराठी वाचकाला विज्ञानातून आलेले भय परके का वाटावे, हे मला खरोखरच समजत नाही.

आता माझी खरी तक्रार. माझ्या भाचीने पहिली दोन पुस्तके माझ्याकडून नेऊन वाचली. देवी म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हते. माझ्या दंडावरचा लशीचा वण मी तिला दाखवला. १९८० मध्ये हा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले, म्हणून तुझ्या दंडावर तो नाही, हे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ त्या वणावरून बोट फिरवत राहिली. ‘लूप’ तिने शनिवारी रात्री सुरू केली होती. रविवारी सकाळी आपल्या पुरवणीचा मथळाच तिच्या समोर आला, आणि त्या मथळ्यातच कादंबरीचे रहस्य ठळक टायपात छापलेले होते! ‘मावशी, आता काय वाचू?’ असे तिने फोनवर विचारले. पुढे वाच, असे मी सांगितले खरे, पण जे कळायला लेखकाने वाचकाला दोन पुस्तके चालवत आणले, ते तिला चहा घेता घेता एका ओळीत कळले. हे नुकसान कोणत्याही खुलाशाने भरून येणारे नाही. रहस्य आपणच फोडल्यामुळे मी वर मोकळेपणाने लिहिले आहे, एरवी लिहिले नसते.

आणखी एक. संपूर्ण लेखात भाषांतरकाराचे नाव नाही. ज्या वाक्यांना आपल्या लेखकाने ‘कोरडी’ म्हटले ती इंग्रजीत ग्लिन वॉली यांची आहेत. परभाषेतील पुस्तकांच्या परिचयातून आपल्या पुरवणीत भाषांतरकार नेहमीच गळतो.

असाकावाविषयीची चूक येत्या रविवारी दुरुस्त करून छापावी, छायाचित्र चित्रपटातले असल्याचे नमूद करावे आणि यापुढे कादंबरीचे रहस्य निदान मथळ्यात तरी देऊ नये, ही विनंती. सुझुकींनी पुढे २०१२ आणि २०१३ मध्ये याच मालिकेशी जोडलेल्या आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांवर लिहायचे झाल्यास, त्या वाचलेल्या व्यक्तीकडूनच लिहून घ्यावे.

आपली नियमित वाचक,
(नाव छापू नये)
सांगली